तिसऱ्या बारमधला गंधार



आज समोर बसलेल्यांत आणि कॅमेऱ्यापलीकडून बघणाऱ्यांत पियानो वाजवणारे फार थोडे असतील, याची मला कल्पना आहे. आपण मराठी माणसं इंदूरला गेलो, बडोद्याला गेलो, हैदराबादला आलो, तेव्हा सोबत पेटी नेली, तबला नेला. पियानो काही कोणी नेला नाही. तेव्हा आज मी पियानोबद्दल बोलणार असले, तरी शक्यतो पेटीच्या भाषेत बोलेन. कुठे अडलं तर हात वर करा.

मी गेली सत्तावीस वर्षं सिकंदराबादमध्ये पियानो शिकवते. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एका खोलीत पियानो, आणि बाहेरच्या खोलीत आपल्या वेळेची वाट बघणारी मुलं. आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. चूक एका सुराची होती, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ती सुराची नव्हती.

२०११ सालची गोष्ट. माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी शिकायला यायची. तिचं नाव सांगत नाही. बोटं छान, कान त्याहून छान. तिला मी शोपँची एक छोटी रचना दिली होती, सी मायनरमधली प्रेल्यूड, ओपस २८ मधली विसावी. सगळी मिळून तेरा बारांची. बार म्हणजे काय, तर आपल्या तालात जसा विभाग असतो तसा मात्रांचा एक खण. इथे एका खणात चार मात्रा. रचना वाजवायला दीड-दोन मिनिटं लागतात. पहिले चार बार खूप मोठ्यानं, एखादी मिरवणूक अगदी दारावरून जावी तसे. मग चार बार हळू. मग तेच चार बार आणखी हळू, मिरवणूक लांब गेल्यासारखे.

(पियानोवर सुरुवातीचे चार बार वाजवून)

पांढरी एक हा सा धरा. यात गंधार, धैवत, निषाद कोमल आहेत. म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे सूर. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये हे प्रत्येक सुराशेजारी लिहीत बसत नाहीत. ओळीच्या सुरुवातीलाच तीन चिन्हं देऊन ठेवतात, की बाबांनो, इथून पुढे हे तीन सूर कोमल समजा. मध्येच कुठे शुद्ध गंधार हवा असेल, तर त्या सुराच्या डाव्या बाजूला वेगळं चिन्ह द्यायचं. आणि नियम असा, की ते चिन्ह एकदा दिलं की तो बार संपेपर्यंत लागू राहतं. बारची उभी रेघ ओलांडली की चिन्ह पुसलं गेलं असं समजायचं. हा नियम लक्षात ठेवा. सगळा घोळ त्याच्यातच आहे.

तिसऱ्या बारमध्ये दुसऱ्या मात्रेला शोपँ शुद्ध गंधार घेतो. तिसऱ्या मात्रेवरून पुढे जातो आणि चौथ्या मात्रेला पुन्हा सा-ग-प असा मेळ येतो. आता प्रश्न: या शेवटच्या मेळातला गंधार कोमल की शुद्ध?

(दोन्ही प्रकारे वाजवून)

ऐकलंत? कोमल घेतला तर मिरवणूक खाली मान घालून चालत राहते. शुद्ध घेतला तर क्षणभर कुठेतरी दार उघडतं आणि लगेच बंद होतं. फरक एका पट्टीचा. पण ज्यानं ऐकला, त्याला तो विसरता येत नाही.

माझ्या पुस्तकात कोमल होता. मी लहानपणी तोच शिकले होते. माझ्या बाईंनीही तोच वाजवला होता. ही मुलगी मात्र शुद्ध वाजवायची. मी थांबवलं. तर म्हणाली, "मॅम, माझ्या पुस्तकात चिन्हच नाहीये." तिचं पुस्तक आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात तिच्या बाबांनी घेतलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. मी बघितलं. खरंच चिन्ह नव्हतं. मी पेन्सिल घेतली, तिथे ठसठशीत फ्लॅट काढला, त्याभोवती गोल केला आणि म्हटलं, "तुझ्या पुस्तकात चूक आहे."

ती म्हणाली, "पण मॅम, शुद्धच चांगला वाटतो."

मी म्हटलं, "सूर आपल्या आवडीनं ठरत नाहीत, बाळ. जे लिहिलंय तेच वाजवायचं."

हे वाक्य मी किती मोठेपणानं बोलले होते! आणि त्या क्षणी जे लिहिलं होतं, ते तीच वाजवत होती.

पुढे आमच्या वार्षिक कार्यक्रमात, पालकांसमोर, तिनं पुन्हा शुद्ध गंधार वाजवला. विसरून की मुद्दाम, मला माहीत नाही. टाळ्या झाल्यावर मी माइकवर हसत हसत म्हणाले, "एक सूर चुकला, पण बाकी छान." लोक हसले. ती हसली नाही. दोन महिन्यांनी तिनं येणं बंद केलं. आईचा फोन आला, अभ्यास वाढलाय. मुलं सोडतात, त्यात नवीन काही नाही. मी पुढच्या मुलाला ती वेळ दिली.

आता नऊ वर्षं पुढे या. २०२० ची टाळेबंदी. क्लास बंद, पियानो एकटा, मी एकटी. वेळ घालवायला म्हणून मी संगणकावर जुनी हस्तलिखितं बघायला लागले. त्या वेळेपर्यंत किती ग्रंथालयांनी आपले खजिने घरबसल्या बघायला खुले केले होते, याची मला कल्पनाच नव्हती. शोपँच्या या चोवीस प्रेल्यूड्सचं त्याच्या हातचं हस्तलिखित वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एका रात्री मी त्याचं पान उघडलं. बारीक, नेटकं अक्षर. जिथे विचार बदलला तिथे त्यानं इतकं गडद खोडलंय, की खाली काय होतं ते कुणाला दिसूच नये.

विसावी प्रेल्यूड. तिसरा बार. चौथी मात्रा.

चिन्ह नाही.

मी पान मोठं केलं, आणखी मोठं केलं. पडद्यावर शाईचा कण न् कण दिसत होता. फ्लॅट नाही. म्हणजे नियमानं दुसऱ्या मात्रेचा शुद्ध गंधार अजून लागू आहे. म्हणजे ती तेरा वर्षांची मुलगी शोपँच्या हातचं वाजवत होती, आणि मी तिच्या पुस्तकात पेन्सिलनं चूक लिहिली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. इथे संपली असती तर फार सोपी झाली असती: हस्तलिखित खरं, छापील खोटं, मॅम चुकल्या. तसं नसतं. का नसतं, ते सांगण्यासाठी मला थोडा वेळ द्या.

आधी छपाई कशी व्हायची ते बघू. संगीतकार लिहितो. ते लिखाण प्रकाशकाकडे जातं, कधी मूळ, कधी कोणीतरी केलेली नक्कल. तिथे कोरणारा कारागीर कथिल आणि शिसं मिसळलेल्या धातूच्या पत्र्यावर पाच रेघा ओढतो, आणि पोलादी ठशांवर हातोडी मारून एकेक सूर ठोकतो. तेही उलटं, आरशातल्यासारखं, कारण कागदावर ते सुलट उमटायचं असतं. चूक झाली तर पत्र्याच्या मागून ठोकून तो खड्डा सपाट करायचा आणि पुन्हा ठसा मारायचा. मग प्रूफ निघतं, संगीतकार ते तपासतो. तपासतो किंवा तपासत नाही. म्हणजे हस्तलिखित आणि पुस्तक यांच्यामध्ये किमान दोन-तीन माणसं आहेत. प्रत्येकाला भूक लागते, झोप येते, आणि प्रत्येकाची स्वतःची मतं असतात.

मतांवरून एक किस्सा सांगते. १८०३ साली झ्युरिकच्या नेगेली या प्रकाशकानं बेटोव्हनचे सोनाटे छापले, ओपस ३१ मधले. छापील प्रत आली तेव्हा बेटोव्हन टेबलाशी काहीतरी लिहीत बसला होता. त्यानं आपला शिष्य फर्डिनांड रीस याला ते वाजवून दाखवायला सांगितलं. चुकांवर चुका. बेटोव्हन चुळबुळ करतोय. आणि पहिल्या सोनाट्याचा पहिला भाग संपत आला, तेव्हा रीसनं असे चार बार वाजवले जे बेटोव्हननं लिहिलेच नव्हते. प्रकाशकानं स्वतःच्या पदरचे चार बार घातले होते! बहुधा त्याला तिथे रचना लंगडी वाटली असेल. बेटोव्हन उठून धावत आला आणि रीसला जवळजवळ पियानोवरून ढकलूनच दिलं. रीसनं ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे. मग चुकांची यादी करून बॉनच्या झिमरॉक या प्रकाशकाकडे पाठवली गेली आणि नवी आवृत्ती निघाली. तिच्यावर मुद्दाम फ्रेंचमध्ये छापलं, की ही अगदी अचूक आवृत्ती आहे.

आपल्याकडे हे ओळखीचं आहे. ज्ञानेश्वरीत लोकांनी पदरच्या ओव्या घातल्या होत्या, म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. आवडत्या ग्रंथात आपली एखादी ओळ सरकवावी, हा मोह सगळ्या देशांत सारखाच.

दुसरा किस्सा पेटी वाजवणाऱ्यांना चटकन कळेल. शूबर्टनं १८२७ साली चार इम्प्रॉम्प्टू लिहिले. पहिले दोन त्याच वर्षी व्हिएन्नात छापले गेले. तिसरा राहिला. १८२८ मध्ये शूबर्ट एकतिसाव्या वर्षी गेला. तिसरा छापला गेला तो १८५७ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी. शूबर्टनं तो काळी तीनमध्ये लिहिला होता, सहा फ्लॅट असलेला. प्रकाशकानं तो पांढरी पाचमध्ये छापला, एकच शार्प. घरोघरी वाजवणाऱ्यांना सोपं जावं, हा हिशोब. शिवाय त्याचे लांबलचक बारही अर्धे केले. त्यामुळे अनेक वर्षं लोक ही रचना वाजवत होते, तिच्यावर प्रेम करत होते, पण भलत्याच पट्टीत. काळ्या पट्ट्यांवर बोटं ज्या मऊपणानं पडतात, तो स्पर्शच त्यांना मिळाला नाही. हस्तलिखित समोर होतं म्हणून मूळ पट्टी परत आली.

हे दोन्ही किस्से ऐकून वाटतं, की हस्तलिखित हाच देव. आता उलटी बाजू बघा.

मोत्सार्टचा एफ मेजरमधला सोनाटा आहे, कोखेल ३३२. त्याचा मधला संथ भाग. हस्तलिखितात सुरुवातीची सुरावट पुढे पुन्हा येते, तेव्हा जवळजवळ जशीच्या तशी येते, साधी. १७८४ मध्ये व्हिएन्नाच्या आर्तारियानं छापलेल्या पहिल्या आवृत्तीत मात्र तीच सुरावट परतताना नाजूक अलंकारांनी भरलेली आहे. आपला गायक दुसऱ्या वेळी मुखडा घेताना जसा नटवून घेतो, अगदी तसं. हे कोणाचं काम? मोत्सार्ट तेव्हा व्हिएन्नातच होता, आणि ते काम इतकं त्याच्या हातचं वाटतं, की जाणकार ते त्याचंच मानतात. त्याच संचातल्या कोखेल ३३० या सोनाट्याच्या संथ भागाचे शेवटचे चार बार हस्तलिखितात नाहीतच. ते पहिल्या छापील आवृत्तीत येतात. म्हणजे इथे पुस्तक हस्तलिखिताच्या पुढे गेलेलं आहे. लिहून झाल्यावर, छापायला देताना, त्याला आणखी काही सुचलं. हस्तलिखिताचीच पूजा करायची म्हटलं, तर हे सगळं टाकून द्यावं लागेल.

बेटोव्हनचं बघा. ओपस १०६, 'हामरक्लाविअर' नावानं ओळखला जाणारा प्रचंड सोनाटा. १८१९ मध्ये त्याच्या लंडनच्या छपाईचं काम रीसच्या हाती होतं. बेटोव्हनचं पत्र आलं, की संथ भागाच्या सुरुवातीला आणखी दोन सूर घाला. इतक्या मोठ्या, पूर्ण झालेल्या रचनेत दोन सूर! रीसनं लिहिलंय, की क्षणभर त्याला गुरुजींच्या डोक्याबद्दलच शंका आली. मग त्यानं ते दोन सूर वाजवून पाहिले आणि थक्क झाला. आज तो भाग त्या दोन पायऱ्यांशिवाय सुरूच होऊ शकत नाही असं वाटतं. या सोनाट्याचं हस्तलिखित हरवलेलं आहे. पण समजा ते उद्या कुठे सापडलं आणि त्यात ते दोन सूर नसले, तर काय आपण ते काढून टाकणार?

आणि सापडतातही बरं का. १९९० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका धर्मशिक्षण संस्थेत, तिजोरीत, मोत्सार्टच्या सी मायनर फँटसी आणि सोनाट्याचं हस्तलिखित मिळालं. ते हरवलं असंच सगळे समजून होते. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय सेचेनी ग्रंथालयात संगीत विभागाचे प्रमुख बालाझ मिकुशी जुन्या कागदांची गठ्ठी चाळत होते. त्यांना चार पानं दिसली. अक्षर मोत्सार्टचं. वाचून बघतात तर ज्याच्या शेवटी ते प्रसिद्ध तुर्की रोंडो आहे, तोच ए मेजरमधला सोनाटा! त्याआधी या सोनाट्याचं मोत्सार्टच्या हातचं फक्त शेवटचं पान जगाला ठाऊक होतं, साल्झबर्गमध्ये ठेवलेलं. जगभरच्या मुलांनी दोनशे तीस वर्षं वाजवलेल्या रचनेत अचानक काही सूर, काही खुणा वेगळ्या दिसायला लागल्या. झोल्तान कोचिश यांनी ते तिथेच वाजवून दाखवलं.

माझं सगळ्यांत लाडकं हस्तलिखित मात्र वेगळंच आहे. बेटोव्हनचा एफ मायनर सोनाटा, ओपस ५७. त्याला 'अपासिओनाता' म्हणतात, पण ते नाव बेटोव्हनचं नव्हे. तो गेल्यानंतर १८३८ मध्ये एका प्रकाशकानं दिलेलं. १८०६ मध्ये सायलेशियाहून व्हिएन्नाला परतताना बेटोव्हनला पावसानं गाठलं आणि पेटीतलं हस्तलिखित भिजलं. व्हिएन्नात त्यानं ते ओले कागद मारी बिगो या पियानोवादिकेला दाखवले. तिनं ते पियानोवर उभे केले आणि खाडाखोड, ओघळलेली शाई, सगळ्यातून वाट काढत पहिल्यांदाच वाजवून दाखवले. छपाई झाल्यावर बेटोव्हननं ते हस्तलिखित तिलाच देऊन टाकलं. आज ते पॅरिसमध्ये आहे, पावसाच्या डागांसकट. मी ते पडद्यावर बघते, तेव्हा मला रचनेपेक्षा आधी पाऊस दिसतो.

आता परत आपल्या गंधाराकडे येऊ.

शोपँनं या प्रेल्यूड्स १८३९ च्या जानेवारीत मायोर्काच्या बेटावरून, वाल्देमोसाच्या मठातून, पॅरिसला आपला मित्र युलियान फोंताना याच्याकडे पाठवल्या. सोबत पत्र: नक्कल करून घे, नक्कल जर्मन प्रकाशकाच्या माणसाला दे आणि मूळ प्लेयेलला दे. म्हणजे पॅरिसची आवृत्ती शोपँच्या हातच्या कागदावरून निघाली आणि लाइप्त्सिगची फोंतानाच्या नकलेवरून. त्याच साली दोन्ही बाजारात आल्या. बघा, एकाच रचनेला जन्मतःच दोन वाटा फुटल्या. नकलेत जे चुकलं असेल ते जर्मनीत गेलं. पॅरिसच्या कोरणाऱ्यानं जे चुकवलं असेल ते फ्रान्समध्ये राहिलं. आज जगात जे शोपँ वाजवतात, त्यांच्या पुस्तकांची वंशावळ मागे नेली तर ती यातल्या कुठल्या तरी वाटेला जाऊन मिळते. एकाच गुरूच्या दोन शिष्यांपासून दोन घराणी निघावीत तसं.

तिसऱ्या बारमध्ये हस्तलिखितात फ्लॅट नाही, तसाच पॅरिसच्या पहिल्या आवृत्तीतही नाही. हे इतकं स्पष्ट असताना माझ्या पुस्तकात कोमल आला कुठून?

तो आला पेन्सिलीतून. शोपँची जेन स्टर्लिंग नावाची एक स्कॉटिश शिष्या होती. तिच्याकडे त्याच्या रचनांच्या छापील फ्रेंच प्रती होत्या. शिकवताना शोपँ त्याच प्रतींवर पेन्सिलनं खुणा करायचा: बोटांचे आकडे, दुरुस्त्या. त्या प्रती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेल्या आहेत. आणि तिच्या प्रतीत, विसाव्या प्रेल्यूडच्या तिसऱ्या बारमध्ये, चौथ्या मात्रेशी, पेन्सिलनं एक फ्लॅट काढलेला आहे.

पेन्सिलनं. शिष्येच्या पुस्तकात. गुरूनं.

हे मला कळलं, तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसले, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. मी जे केलं होतं, अगदी तेच त्यानं केलं होतं. फरक एवढाच, की त्याला माहीत होतं तो काय करतोय. मला माहीत नव्हतं.

मग खरं काय? बहुतेक संपादक म्हणतात कोमल. शोपँ घाईत चिन्हं गाळायचा, जे त्याला स्वतःला उघड वाटायचं ते लिहायचंच राहून जायचं. शिष्येच्या प्रतीतली खूण ही त्याची दुरुस्ती. मलाही हेच पटतं, आणि मी आजही कोमलच वाजवते. पण दुसरी बाजू सरळ उडवून लावता येत नाही. हस्तलिखित त्यानं स्वतः पाठवलं, पहिली आवृत्ती तशीच निघाली. लिहिताना त्याच्या मनात शुद्ध होता आणि पुढे मत बदललं, असंही झालं असेल. ज्यांनी पॅरिसची पहिली आवृत्ती विकत घेऊन वाजवली, त्यांनी शुद्धच वाजवला असणार. त्या दाराच्या फटीतून येणारा उजेड त्यांनी पाहिला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ला सुरुवात, १९६६ ला पूर्ण, १९ खंड. त्यातलं कुठलंही पान उघडा. वर संहिता असते, खाली बारीक टाइपात पाठभेद. कुठल्या प्रतीत काय आहे, सगळं. संपादकानं वरच्या ओळीत निर्णय घेतलेला असतो, घ्यावाच लागतो. पण ज्याला नाकारलं, त्यालाही त्यानं त्याच पानावर जागा दिलेली असते. मी लहानपणी वडिलांच्या टेबलावर तो खंड पाहिला होता आणि मला वाटायचं, केवढी ही खाली गर्दी! आज वाटतं, ते खालचं बारीक छापलेलं म्हणजे संपादकाची सभ्यता आहे. भातखंड्यांनी मराठीत क्रमिक पुस्तकं लिहिली, ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा गोळा केल्या. त्यावरूनही आपल्याकडे अजून भांडणं होतात, की आमच्या घराण्यात हे असं नाही. भांडणं होऊ देत. भांडणाऱ्या दोघांनीही दोन्ही पाठ ऐकलेले असतात, हे महत्त्वाचं.

मी माझ्या मुलांना आता काय शिकवते, ते थोडक्यात सांगते. कारण हे कुठल्याही विद्येला लागू पडतं, मग तुमच्या हातात पोथी असो, चीज असो की आजीच्या हातची पाककृतीची वही.

पहिलं, आपल्या हातातलं पुस्तक कशावरून छापलंय ते शोधा. प्रस्तावना वाचा, ती वगळून पुढे जाऊ नका. दुसरं, किमान दोन प्रती शेजारी ठेवा आणि एकेक बार पुढे सरका. शोपँच्या पहिल्या आवृत्त्या आणि हस्तलिखितं बारबारनं शेजारी ठेवून बघण्याची सोय आता घरबसल्या आहे, फुकट. फरक दिसला की फक्त टिपून ठेवा, लगेच न्यायाधीश होऊ नका. तिसरं, फरक सगळे टिपून झाले की प्रत्येकाला विचारा: तू कोण? कोरणाऱ्याची डुलकी? नक्कल करणाऱ्याची नजरचूक? प्रकाशकाचा शहाणपणा? की संगीतकाराला नंतर सुचलेलं काही? या चारांची उत्तरं वेगवेगळी, आणि त्यावरूनच ठरतं काय वाजवायचं. आणि शेवटचं: निर्णय घ्या. दोन्ही सूर एकदम वाजवता येत नाहीत. पण पेन्सिलनं घ्या, शाईनं नको.

आता राहिली ती मुलगी.

२०२० च्या डिसेंबरात मी तिचा पत्ता शोधला. तिच्या आईचा जुना नंबर अजून चालू होता. मी तिला एक मेसेज लिहिला. लिहायला दोन दिवस लागले. सोबत हस्तलिखिताच्या त्या बारचं चित्र जोडलं, आणि जेन स्टर्लिंगच्या प्रतीची गोष्ट सांगितली. लिहिलं, की सूर कोणता बरोबर यावर अजूनही दुमत आहे, मी कोमलच वाजवते. पण तुझ्या पुस्तकात चूक नव्हती, आणि ती आहे असं मी न बघता म्हटलं, ते सगळ्यांसमोर म्हटलं, त्याबद्दल मला माफ कर.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. मी समजले, की इतक्या वर्षांनी तिला ते आठवतही नसेल. मग एका रात्री आलं. ती आता दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पियानो नाही, पण होस्टेलमध्ये एक छोटा कीबोर्ड आहे, म्हणाली. आणि एक ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. मी ऐकलं. तेरा बार. कीबोर्ड स्वस्तातला, मागे कोणाचातरी कुकर शिट्ट्या देतोय. तिसऱ्या बारला मी श्वास धरला.

शुद्ध गंधार.

खाली एक ओळ होती: "मॅम, मी अजून असाच वाजवते. पण तुमचा पेन्सिलचा गोल मी खोडला नाहीये. तो पुस्तकात आहे."

मी तो मेसेज जपून ठेवलाय. तिच्या त्या जुन्या पुस्तकात आता दोन्ही पाठ आहेत, एक छापलेला आणि एक माझ्या हातचा. पुढे कधी ते पुस्तक पुन्हा आबिड्सच्या बाजारात जाईल, कोणीतरी विकत घेईल, तो गोल बघेल आणि विचार करेल, की हा कोणी काढला असेल, आणि का.

(दोन्ही गंधार घेऊन चार बार दोनदा वाजवून)

तुम्हाला कुठला आवडला, ते घरी जाताना ठरवा.